व्हार्मिंट रायफल: कॅलिबरच्या निवडीमागचा इतिहास

अमेरिकेत शेताची आणि कुरणांची नासाडी करणाऱ्या प्राण्यांना ‘व्हार्मिंट’ म्हणतात. पूर्वेकडे ग्राउंडहॉग, पश्चिमेच्या माळरानांवर प्रेअरी डॉग (दोन्ही बिळं करणारे, खारीच्या कुळातले प्राणी), आणि कोल्ह्यासारखा कोयोटी तर जवळपास सगळीकडे. त्यांच्यासाठी रायफल घ्यायची म्हटली की चर्चा गोळीच्या वेगावर जाऊन अडकते. हा वेगाचा सोस आला कुठून, ते आधी पाहायला हवं.

ग्राउंडहॉग बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहतो, तेव्हा नेम धरायला जेमतेम तळहाताएवढी जागा मिळते, तीही बऱ्याचदा दीड-दोनशे यार्डांवरून. १८८७ पासून चालत आलेलं .२२ लाँग रायफल हे काडतूस (.२२ म्हणजे कॅलिबर, नळीचा इंचांतला साधारण व्यास) इथे कमी पडतं. ५० यार्डांवर नेम बसवला, तर त्याची गोळी १०० यार्डांवर सुमारे अर्धा फूट खाली जाते. शिवाय ती सहजी फुटत नाही, दगडावर आपटली की उसळते. आसपास गुरं आणि घरं असताना ही उसळी जिवावर बेतू शकते. म्हणून मागणी दुहेरी होती: गोळी सपाट जावी आणि लागताच तिचा चुरा व्हावा.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस स्प्रिंगफील्ड आर्मरी या अमेरिकी लष्कराच्या शस्त्र कारखान्यात टाउनसेंड व्हेलेन, जी. एल. वॉटकिन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी काळ्या दारूच्या जमान्यातलं .२२ डब्ल्यूसीएफ हे काडतूस घेऊन त्यात धूरविरहित दारू भरून पाहिली. तेच .२२ हॉर्नेट. विंचेस्टरने १९३० मध्ये ते विकायला काढलं, तेव्हा त्यासाठी बनवलेली एकही कारखानी रायफल बाजारात नव्हती. लोकांना त्याची किती गरज होती, ते यावरूनच कळतं.

१९३५ मध्ये विंचेस्टरनेच .२२० स्विफ्ट आणलं. ४८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) गोळी, वेग सेकंदाला ४,११० फूट. पण नळ्या लवकर झिजवणारं काडतूस म्हणून त्याचं नाव खराब झालं. काडतूस संपून नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या मळसूत्री खाचा) सुरू होतात, त्या जागेवर उष्णतेचा सगळा मारा होतो. तिथलं पोलाद सुकलेल्या तळ्यातल्या गाळासारखं बारीक भेगाळतं. माझ्या मते दोष एकट्या काडतुसाचा नव्हता. तापलेल्या नळीतून लागोपाठ बार काढले, तर यातलं कुठलंही वेगवान काडतूस हेच करेल. स्विफ्टपेक्षा थोडं सौम्य .२२-२५० हे हौशी मंडळींनी .२५० सॅव्हेजचं तोंड आवळून बनवलेलं ‘वाइल्डकॅट’. कारखान्याचा शिक्का त्याला रेमिंग्टनकडून १९६५ मध्ये मिळाला.

खरा बदल घडवला तो रेमिंग्टनच्या माइक वॉकर यांनी. त्यांचं १९५० चं .२२२ स्विफ्टपेक्षा बरंच मंद होतं, पण अचूकतेत इतकं सरस की बेंचरेस्ट (रायफल मेजावर टेकवून नेमबाजीच्या) स्पर्धांमध्ये त्याने वर्षानुवर्षं वर्चस्व गाजवलं. त्याच्याच घराण्यातलं .२२३ १९६४ मध्ये आलं. त्याचं लष्करी भावंड सैन्याने घेतल्यामुळे काडतुसं मुबलक झाली आणि बाजार .२२३ कडे झुकला.

१९५५ ची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. त्या वर्षी एकाच व्यासाच्या गोळीची दोन काडतुसं आली: विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. रेमिंग्टनने फक्त व्हार्मिंटच्या हलक्या गोळ्या डोळ्यांपुढे ठेवून नळीतल्या आट्यांना १२ इंचांत एक वेढा दिला. विंचेस्टरने १० इंचांत एक दिला, त्यामुळे हरणासाठीची १०० ग्रेनची लांब गोळीही नीट स्थिर राहायची. गिऱ्हाइकाला दोन्ही कामांना एकच रायफल हवी होती, त्यामुळे .२४४ मागे पडलं. पुढे रेमिंग्टनने पीळ, म्हणजे आट्यांचा वेढा, घट्ट केला, १९६३ मध्ये ‘६ मिमी रेमिंग्टन’ असं नवं नावही दिलं, पण तोवर बाजार हातचा गेला होता. काडतुसात काहीच कमी नव्हतं, चुकला होता तो नळीचा पीळ.

त्यानंतर व्यास आणखी घटला. १९७१ मध्ये .१७ रेमिंग्टन, २००२ मध्ये .१७ एचएमआर, २००४ मध्ये .२०४ रुगर. धक्का इतका कमी की गोळी लागलेली दुर्बिणीतून दिसते.

आता पिळाचा प्रश्न पुन्हा वर आला आहे. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. .२२-२५० च्या नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं १४ इंचांत एक वेढा दिला जात आला आहे. तशी रायफल घेणाऱ्याने लांब गोळ्यांची खोकी भरण्याआधी आपल्या नळीचा हा आकडा तपासून घ्यावा.