तारा पुरल्यावर काय बिघडतं?

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या घरात होता. नारळी-पोफळी तारांवर कोसळल्या, तारांनी खांब ओढले आणि रायगड जिल्ह्यात हजारो खांब आडवे झाले. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या काही गावांत लाइट यायला महिना लागला. अशा किनाऱ्यासाठीच राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्प आखला गेला. त्यातून, जागतिक बँकेच्या मदतीने, अलिबाग आणि रत्नागिरी शहरांतल्या वीजवाहिन्या जमिनीखाली न्यायचं काम हाती घेतलं गेलं.

तारा पुरल्या की लाइट जाणारच नाही, असं अनेकांना वाटतं. वादळापुरतं ते खरं आहे. एरवी मात्र बिघाड संपत नाहीत, त्यांची जात बदलते.

खांबावरच्या तारेला आवरण नसतं. भोवतालची हवाच तिचं इन्सुलेशन, तेही फुकटात. फांदी टेकली की ठिणगी उडते, फीडर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी लाइन, ट्रिप होतो, फांदी जळून खाली पडते आणि मधली हवा पुन्हा पहिल्यासारखी होते. अशा लाइनवरचे दहातले सात-आठ बिघाड या क्षणिक जातीचे असतात. म्हणून तर लाइट जाते आणि आपण मेणबत्ती शोधेपर्यंत परत येते. केबलमध्ये हे होत नाही. आवरणाला एकदा भोक पडलं की पडलं.

२२ केव्हीची केबल आडवी कापली तर मधोमध ॲल्युमिनियमच्या तारांचा पीळ दिसतो. त्यावर काळा, अर्धवाहक थर. मग दुधी रंगाचं एक्सएलपीई प्लास्टिक, जेमतेम सहा मिलिमीटर. पुन्हा काळा थर, तांब्याची पट्टी, धातूचं चिलखत आणि वर पीव्हीसी. हजारो व्होल्टचा दाब ते सहा मिलिमीटर पेलतात. काळे थर विद्युतक्षेत्र सगळीकडे सारखं पसरवतात, कुठे टोक येऊ देत नाहीत.

खरी परीक्षा जॉइंटमध्ये असते. एका ड्रमवर काही शे मीटरच केबल मावते, म्हणून ठरावीक अंतरावर जोड द्यावाच लागतो. जॉइंटर हे सगळे थर एकेक करून सोलतो. सोलताना सुरी दुधी थरावर किंचित जास्त दाबली गेली, किंवा कोकणातल्या दमट हवेत घामाचा थेंब आत राहिला, तरी त्या दिवशी काही कळत नाही. त्या बारीकशा पोकळीत सूक्ष्म ठिणग्या उडत राहतात, प्लास्टिक कुरतडत जातात आणि काही वर्षांनी ऐन पावसाळ्यात जॉइंट फुटतो.

दुसरी अडचण उष्णतेची. उघडी तार वाऱ्यावर थंड होते. मीटरभर खोल पुरलेल्या केबलची उष्णता मातीतूनच बाहेर जाते. एक्सएलपीई ९० अंश सेल्सिअसपर्यंत सतत तापलेलं चालतं. ओली माती उष्णता वाहून नेते, कोरडी अडवते. केबल तापली की भोवतीची माती सुकते, माती सुकली की केबल आणखी तापते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा मध्यवर्ती व्यापारी भाग फेब्रुवारी १९९८ पासून सुमारे पाच आठवडे विजेविना अडला होता. तिथल्या चार मुख्य भूमिगत केबल्स महिन्याभरात एकामागून एक निकामी झाल्या. उन्हाळा कडक होता, माती सुकली होती. आपल्याकडेही मे महिन्यात माती सर्वांत कोरडी असते आणि एसीचा भारही तेव्हाच सर्वांत जास्त. चर बुजवताना हाती लागेल तो डबर ढकलायची आपली पद्धत इथे महागात पडू शकते.

बिघाड शोधायचा कसा? टेस्टिंग व्हॅन केबलच्या टोकातून विजेचा स्पंद सोडते. तो सेकंदाला सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर वेगाने जातो आणि बिघाडावरून परततो. जाऊन परतायला १० मायक्रोसेकंद लागले तर बिघाड सुमारे ८०० मीटरवर. मग थंपर नावाचं यंत्र लावतात. त्याने दिलेल्या प्रत्येक झटक्याला जमिनीखाली ‘धप्प’ होतं आणि कर्मचारी रस्त्यावर सेन्सर टेकवून, हेडफोनने तो आवाज हुडकतो. मग खोदाई, नवा जॉइंट, चाचणी. खांबावरचं काम तासात उरकलं असतं. इथे दिवस जातो. जेसीबीने केबल तोडली असेल तर शोधायचे कष्ट तेवढे वाचतात.

म्हणून केबलचं जाळं रिंगसारखं विणतात. मधला तुकडा आरएमयू (रिंग मेन युनिट) नावाच्या स्विचच्या पेटीतून बाजूला काढायचा आणि पुढच्या घरांना दुसऱ्या बाजूने वीज द्यायची. किती किलोमीटर केबल टाकली, यापेक्षा किती फीडरना अशी दुसरी बाजू आहे, हा प्रश्न नगरपालिकेच्या सभेत विचारण्याजोगा आहे. आणि दुसरा प्रश्न पेटीच्या ओट्याचा. केबल जमिनीखाली असली तरी पेटी रस्त्याच्या कडेलाच उभी असते. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईच्या उपनगरांतली वीजयंत्रणा पाण्याखाली गेली होती आणि काही वस्त्या कित्येक दिवस अंधारात होत्या. ओट्याची उंची त्या जागी आजवर चढलेल्या पाण्यावरून ठरवावी लागते.