पोस्टचा मजकूर फाइलमध्ये लिहा, कमांडच्या ओळीत नको

आमच्याकडून ‘पाठव’ बसवून घेतलेल्या सर्व ग्राहकांसाठी

‘पाठव’ हा आमचा पोस्ट पाठवण्याचा प्रोग्राम कसा चालवायचा हे आपल्याला ठाऊक आहेच. टर्मिनल उघडून एक ओळ लिहिली आणि एंटर दाबले, की तोच निरोप मॅस्टोडॉन, ब्लूस्काय या समाजमाध्यमांवर आणि आपल्या टेलिग्राम चॅनलवर जातो. चतुर्थी आणि जत्रांच्या दिवसांत मात्र आमचा फोन सतत वाजत असतो. पोस्ट अर्धीच गेली, भलतेच काही गेले, टर्मिनल अडकले अशा तक्रारी असतात. बघायला गेलो की बहुतेक वेळा कारण तेच निघते: मजकूर थेट कमांडच्या ओळीत टाइप केलेला असतो.

आपली ओळ आमच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचण्याआधी ती शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड समजून चालवणारा प्रोग्राम, वाचतो, आणि काही चिन्हे त्याच्या लेखी मजकूर नसून हुकूम असतात. मोरजीकडच्या एका गेस्ट हाऊसने खोलीचा दर डॉलरमध्ये टाकला होता. दुहेरी अवतरणचिन्हांत डॉलरचे चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी आकड्यांत ४०. बॅश नावाच्या शेलने डॉलर आणि ४ मिळून ‘शेलला दिलेला चौथा घटक’ असा अर्थ लावला. असा घटक नव्हताच, म्हणून ती जागा रिकामी गेली आणि पोस्टमध्ये उरले नुसते शून्य. चौकशीला येणाऱ्यांना दर समजावताना त्यांची सगळी सकाळ गेली.

दुसरा प्रकार नाट्यमंडळांकडे फार होतो. मजकूर वर्डमध्ये किंवा आयफोनवर लिहितात आणि तिथून चिकटवतात. तिथली अवतरणचिन्हे वळलेली असतात, शेलला फक्त सरळ ओळखता येतात. मग

पाठव ओळ “रात्री १० वाजता नाटक & नंतर महाप्रसाद”

ही ओळ & पाशी तुटते. ‘नाटक’पर्यंतचा मजकूर पोस्ट होतो, आणि ‘नंतर’ नावाची कमांड सापडत नाही असा संदेश पडद्यावर येतो. महाप्रसाद राहतो बाजूला.

टर्मिनल ‘अडकते’ ते सुरू केलेले अवतरणचिन्ह बंद न केल्यामुळे. नव्या ओळीवर > असे चिन्ह दिसले, तर शेल पुढच्या मजकुराची वाट पाहतो आहे असे समजा. एंटर दाबत राहू नका. कंट्रोल धरून सी दाबा, ओळ सुटेल.

हे सगळे टाळायला ‘निरोप’ नावाची साधी टेक्स्ट फाइल करा, मजकूर तिच्यात लिहून सेव्ह करा आणि मग

दाखव फाइल निरोप
पाठव फाइल निरोप

फाइलमधल्या मजकुरात शेल हात घालत नाही. डॉलर, &, अवतरणचिन्हे, कोकणी-मराठी-इंग्रजी मिसळ, सगळे जसेच्या तसे जाते. पहिली कमांड काही पाठवत नाही, पोस्ट कशी दिसेल ते दाखवते आणि लांबी मोजते. ब्लूस्कायची मर्यादा ३०० अक्षरांची, मॅस्टोडॉनची सहसा ५०० आणि टेलिग्रामची ४०९६. तिन्हीकडे एकच मजकूर हवा असेल, तर ३००च्या आत राहा. ‘दाखव’ वगळू नका. ब्लूस्कायवर गेलेली पोस्ट दुरुस्त करता येत नाही, काढून नवी टाकावी लागते. मॅस्टोडॉनवर दुरुस्ती होते, पण ते अनेक वेगवेगळ्या सर्व्हरांचे मिळून बनलेले असल्याने पोस्ट काढून टाकली तरी दुसऱ्या सर्व्हरांवर पोहोचलेली प्रत नक्की जाईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही.

‘मग ओळीत मजकूर देण्याची सोय बंदच का करत नाही?’ असे काही जण विचारतात. कारण तिच्यावर कामे चालतात. मासळीचे रोजचे भाव किंवा बेकरीची वेळ पाठवणाऱ्या ग्राहकांच्या स्क्रिप्ट, म्हणजे कमांड आपोआप चालवणाऱ्या फाइली, याच सोयीवर उभ्या आहेत, आणि तिथे मजकूर ठरलेला असल्याने त्रास होत नाही. हाताने लिहिताना मात्र फाइलच वापरा.

बटणे असलेले ॲप का नाही, हाही नेहमीचा प्रश्न. ‘पाठव’ला उघडा ब्राउझर लागत नाही, नेट मंद असले तरी मजकूर पाठवता येतो, आणि काय गेले, कधी गेले याची नोंद आपल्याच संगणकावर राहते. एक्स (पूर्वीचे ट्विटर) आम्ही मूळ पॅकेजमध्ये धरत नाही, कारण २०२३पासून तिथले एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला पोस्ट टाकू देणाऱ्या सोयीचे, दर आणि मर्यादा बदलत आल्या आहेत. हवे असल्यास त्या वेळचा खर्च सांगून जोडून देतो. इन्स्टाग्रामवर नुसता मजकूर जात नाही. चित्र किंवा व्हिडिओ लागतो, आणि प्रोग्राममधून पाठवायचे तर खाते व्यावसायिक प्रकारचे असावे लागते. तेही करून देतो, पण त्यासाठी आमच्या म्हापशाच्या दुकानात एकदा बसावे लागेल.

आपल्याकडे पोस्ट टाकणारा माणूस बदलला असेल, तर त्यालाही आमच्याकडे शिकायला पाठवा. देखभालीचा वार्षिक करार असलेल्यांकडून शिकवण्याचे वेगळे पैसे घेत नाही. मदतीसाठी फोन करण्याआधी टर्मिनलचा फोटो काढा. त्यात टोकन दिसत असेल तर झाकून मगच पाठवा. टोकन म्हणजे आपल्या खात्याची किल्ली, ती आम्हीही मागत नाही.