नळीतल्या गोळीचा हिशोब

खानापूर तालुक्यात माझ्या बहिणीच्या गावी पंचायतीच्या कचेरीला लागून शुद्ध पाण्याचं केंद्र आहे. पाटी कानडीत, आत आर.ओ.चं यंत्र, बाहेर नाणं टाकायची खाच. उन्हाळ्यात सकाळी सातपासून कॅनची रांग लागते. मागच्या वेळी गेलो तेव्हा जाळीचं दार उघडं होतं आणि पॅनेलवर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन पारदर्शक नळ्या दिसत होत्या. दोन्हींतून पाणी खालून वर चाललेलं, आणि मध्येच एकेक चकचकीत फ्लोट, म्हणजे धातूची गोळी, अधांतरी थांबलेली. आठवीतला भाचा बराच वेळ टक लावून बघत राहिला आणि मग म्हणाला, “मामा, पाणी एवढं जोरात वर चाल्लंय, मग ती गोळी उडून वर का जाईना?”

मी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत भट्ट्यांच्या पॅनेलवरचे मीटर सांभाळण्यात उमेदीची वर्षं घालवली. या नळ्या रोज पुसल्या, बदलल्या, त्यांच्यावरचे आकडे वहीत उतरवले. तरी इतका नेमका प्रश्न मला कामावरच्या माणसांनी क्वचितच विचारला. त्याचं उत्तर नीट द्यायचं, तर सगळा रोटामीटर, म्हणजे प्रवाह मोजणारी ही फ्लोटची नळी, उलगडावा लागतो.

पहिली गोष्ट, ती नळी सरळ नाही. बाहेरून अ‍ॅक्रिलिकचा चौकोनी ठोकळा दिसतो, पण आतलं भोक खाली अरुंद आणि वर जाता जाता रुंद होत गेलेलं असतं. फरक इतका थोडा की डोळ्याला जाणवत नाही. दुसरी गोष्ट, फ्लोट म्हणत असले तरी ती वस्तू पाण्यावर तरंगणारी नव्हे. स्टेनलेस स्टील पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. पाणी बंद केलं की फ्लोट तळाशी जाऊन बसतो. त्याला वर धरून ठेवतं ते वाहतं पाणी.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावून खानापूरकडे येते. पावसाळ्यात तिच्या काठाने चाललं की दिसतं, खडकांच्या चिंचोळ्या जागेत पाणी धावतं आणि पात्र पसरलं की तेच पाणी संथ होतं. पाणी तेवढंच, वाट रुंद, म्हणून वेग कमी. नळीतही हेच होतं. फ्लोट तळाशी असतो तेव्हा त्याच्या कडेने जायला जेमतेम फट असते. पाणी त्या फटीतून जोरात घुसतं आणि फ्लोटला वर रेटतं. फ्लोट वर सरकला की नळी रुंद, फट मोठी, वेग कमी, रेटा कमी. जिथे वरचा रेटा आणि फ्लोटचं वजन बरोबरीला येतात, तिथे तो थांबतो. आणखी वर गेला तर रेटा कमी पडून खाली येतो, खाली आला तर रेटा वाढून परत वर जातो. पाण्याला जितकी वाट लागते तितकी फ्लोट स्वतःच करून देतो, म्हणून तो उडून जात नाही.

हे भाच्याला पटलं, पण आकड्यांशिवाय मला चैन पडेना. रांगेत उभ्याउभ्याच हिशोब मांडला. समजा फ्लोटचं वजन ४० ग्रॅम. स्टील आठपट जड, म्हणजे त्याने ५ ग्रॅम पाणी बाजूला सारलं आणि पाण्यात त्याचं वजन ३५ ग्रॅम उरलं. फ्लोटचा सगळ्यात रुंद भाग २ सेंटीमीटर व्यासाचा धरला, तर त्याचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटीमीटर. ३५ ला ३.१४ ने भागलं की ११ येतात. म्हणजे फ्लोटच्या खालच्या आणि वरच्या बाजूला दाबाचा फरक हवा फक्त ११ सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. एवढ्या दाबाने फटीतून पाणी ढोबळमानाने सेकंदाला दीड मीटर वेगाने निघतं.

आता यातली गंमत. फ्लोटचं वजन बदलत नाही, म्हणून हा ११ सेंटीमीटरचा फरकही बदलत नाही, आणि फटीतला वेगही जवळजवळ तोच राहतो. तासाला १००० लिटर पाणी जायचं असेल, तर दीड मीटरच्या वेगाला सुमारे १.९ चौरस सेंटीमीटर फट लागते. ५०० लिटरला त्याच्या निम्मी. पाणी दुप्पट झालं तर वेग तोच आणि फट दुप्पट. फट किती, हे फ्लोट किती उंचीवर आहे त्यावरून कळतं. त्यामुळे पट्टीवरच्या रेघा जवळपास सारख्या अंतरावर येतात आणि साध्या नजरेने वाचता येतात.

प्रवाह मोजायची दुसरी जुनी रीत याच्या नेमकी उलट आहे. पाइपात भोक पाडलेली चकती बसवतात. तिला ऑरिफिस प्लेट म्हणतात. तिथे वाट ठरलेली असते आणि दाबातला फरक मोजायचा असतो. पण तो फरक प्रवाहाच्या वर्गाने बदलतो. प्रवाह दहावा हिस्सा झाला की दाबाचा फरक शंभरावा हिस्सा होतो आणि तो धड मोजता येत नाही. म्हणून चकतीवर साधारण एकास तीन-चारपर्यंतचा पल्ला भरवशाचा असतो, तर रोटामीटरवर सहज एकास दहा. वाट ठेवून दाब मोजायचा, की दाब ठेवून वाट मोजायची, एवढ्या एका फरकातून दोन वेगळी यंत्रं उभी राहिली.

जर्मनीतल्या आखेन शहरात कार्ल क्युपर्स यांनी १९०८ मध्ये फिरत्या फ्लोटचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी फेलिक्स मेयर यांनी ते मीटर बनवायचा कारखाना काढला. फ्लोटच्या कडेला तिरप्या खाचा पाडल्या होत्या. वायू त्यांतून जाताना फ्लोट भोवऱ्यासारखा गरगर फिरायचा, नळीच्या मधोमध राहायचा आणि काचेला चिकटायचा नाही. ‘रोटामीटर’मधलं ‘रोटा’ ते. हल्लीचे बरेचसे फ्लोट फिरत नाहीत, पण नाव टिकलं.

इथवर सगळं सरळ आहे. पण पट्टीवरचा आकडा नेमका कुणाचा असतो, हे मी उद्यमबागेत फार महागात शिकलो.

आमच्याकडे लहान पिना आणि बुश कार्बोनायट्रायडिंगला यायचे. सुमारे ८५० अंशांच्या भट्टीत कार्बन देणारा वायू आणि थोडा अमोनिया सोडायचा, म्हणजे पोलादाच्या वरच्या थरात कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही शिरतात. मग तेलात विझवलं की तो थर कडक होतो. एकदा अमोनियाच्या रोटामीटरची काच तडकली. स्टोअरमध्ये त्याच उंचीची नळी फ्लोटसकट मिळाली, मी ती बसवली आणि नेहमीच्याच १० च्या रेघेवर गोळी आणून ठेवली. दोन दिवसांनी जॉब, म्हणजे आम्ही कडक करून दिलेले भाग, परत यायला लागले. कडक असायला हवा तो थर मऊ. फोरमन काका पॅनेलसमोर उभे राहून म्हणाले, “रेघ तीच हाय, गोळी तिथंच हाय, मग जॉब का खराब होऊलाय गा?”

नळीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘हवा’ असं लिहिलेलं होतं. ती पट्टी हवेसाठी आखलेली होती.

फ्लोटला अधांतरी धरायला ठरावीक रेटा लागतो. जड वायू तो रेटा कमी वेगात देतो, हलक्या वायूला त्यासाठी जास्त वेगाने पळावं लागतं. म्हणजे गोळी त्याच रेघेवर, फट तीच, पण हलका वायू तिथून जास्त जातो. किती जास्त, तर घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतका. हवेचा रेणुभार सरासरी २९, अमोनियाचा १७. २९ भागिले १७ याचं वर्गमूळ १.३. रेघ १० ची, पण भट्टीत अमोनिया जात होता १३. नायट्रोजन जास्त झाला की पोलाद विझवल्यावर त्याचा काही भाग कडक रूपात बदलतच नाही, मऊ राहतो. उलटही होतं. हवेच्या नळीतून कार्बन डायऑक्साइड सोडला, तर तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळे दाखवलेल्या १० मधले खरे जातात ८ च्या आसपास. तेव्हापासून नळी हातात आली की मी आधी तळाची अक्षरं वाचतो. पट्टी कुठल्या वायूची, कुठल्या दाबाची, कुठल्या तापमानाची, हे तिथे लिहिलेलं असतं.

दाबाचा प्रश्न तर त्याहून फसवा. हवेची नळी मोकळ्या हवेच्या दाबाला आखलेली असेल आणि आत वातावरणाच्या चौपट दाब असेल, तर हवा चौपट दाट होते. फटीतला वेग निम्मा होतो, पण प्रत्येक लिटरमध्ये माल चौपट. हिशोबाअंती दाखवते त्याच्या दुप्पट हवा जाते. म्हणून नियंत्रणाचा वॉल्व्ह नळीच्या आधी आहे की नंतर, याला महत्त्व आहे. नंतर असेल तर नळीत पुरवठ्याचा पूर्ण दाब कायम राहतो, आणि पट्टी त्याच दाबाला आखली की पुढे थोडा अडथळा आला तरी आकडा खरा राहतो.

ऑक्सिजनच्या चांगल्या फ्लोमीटरची रचना अशीच असते. वॉल्व्ह बंद ठेवून सिलिंडर उघडला की गोळी क्षणभर उसळून खाली बसते. नळी दाबाने भरल्याची ती खूण. २०२१ च्या मे महिन्यात वडगावात आमच्या काकूंच्या उशाशी असा एक फ्लोमीटर होता. घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता त्या गोळीकडे बघायचं. गोळी असेल तर तिच्या मध्यावर वाचायचं, इतर आकाराच्या फ्लोटला बहुधा सगळ्यात रुंद कडेवर, आणि डोळा त्याच उंचीवर आणून, हे मी सगळ्यांना शिकवलं. मीटर तिरका झाला की गोळी काचेला टेकते आणि आकडा चुकतो, म्हणून स्टँड भिंतीला दोरीने सरळ बांधला. मोठ्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटरने तो २३ तास पुरतो, १० लिटरने साडेअकरा तास. नवा सिलिंडर कुणी, किती वाजता आणायला निघायचं, ते या भागाकारावर ठरायचं. भूल देण्याच्या यंत्रात हे मीटर १९१० मध्येच शिरले. हायडेलबर्गचे डॉक्टर माक्सिमिलियन नॉय यांनी नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन मोजून द्यायला ते वापरले होते. काकू बऱ्या झाल्या. तो फ्लोमीटर मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आहे.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर हा साखर कारखान्यांचा टापू, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्या बनवणारी आणि दुरुस्त करणारी वेल्डिंगची दुकानं रस्तोरस्ती. तिथल्या सी.ओ.टू. वेल्डिंगच्या रेग्युलेटरवरही हीच छोटी नळी असते. गोळी मिनिटाला १२ ते १५ लिटरवर ठेवतात. आषाढातलं वारं सुटलं की जोडावरचा वायू उडून जातो आणि शिवणीत छिद्रं पडतात. मग पोरं वॉल्व्ह पिळून गोळी पार वर नेतात. पण फार जोरात सोडलेला वायू घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. छिद्रं वाढतातच. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधली, तर पंधरालाच काम होतं.

पाण्याच्या केंद्रातल्या त्या दोन नळ्यांपैकी एक शुद्ध पाण्याची, दुसरी बाहेर टाकायच्या खारट पाण्याची. दोन्ही १००० वर असतील तर आत आलेल्या पाण्यातलं निम्मं पिण्याजोगं होतंय. पंप तोच, वॉल्व्ह तसेच, आणि पहिला फ्लोट महिन्यामहिन्याने उतरत चाललाय, दुसरा चढतोय, तर यंत्रातला पाणी गाळणारा पडदा बुजत आला. तिथल्या चालकाला मी रोज दोन आकडे वहीत लिहायला सांगितलं. नळी पुसायलाही सांगितलं. बोअरच्या जड पाण्याने फ्लोटवर पांढरा थर चढतो, त्याचं वजन आणि जाडी दोन्ही बदलतात. बुडबुडा चिकटला तर तो हलका होऊन उगीच वर जातो. आणि वॉल्व्ह हळू उघडायचा. एकदम उघडला की फ्लोट बंदुकीच्या गोळीसारखा वर आदळतो. काचेच्या नळ्या मी बहुतेक अशाच फुटलेल्या पाहिल्यात.

काच सगळीकडे चालत नाही. बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यात बॉक्साइट तप्त कॉस्टिक सोड्यात विरघळवतात. असला द्रव काचेलाच खातो. उसाच्या रसासारख्या गढूळ द्रवात फ्लोट दिसतच नाही. अशा ठिकाणी धातूची नळी घेतात. फ्लोटमध्ये लोहचुंबक बसवतात आणि बाहेरचा काटा त्याच्या ओढीने हलतो. दट्ट्याच्या कॉम्प्रेसरजवळ मात्र कुठलाच फ्लोट स्थिर राहत नाही, नाचत राहतो. मध्ये हवेची टाकी असावी लागते.

हल्लीचे इलेक्ट्रॉनिक मीटर याहून अचूक असतात. साध्या रोटामीटरच्या आकड्यात शेकडा दोन ते पाचचा फरक धरावा लागतो. तरीही नवी भट्टी लावताना मी नायट्रोजनच्या वाटेवर काचेची नळी मागून घ्यायचो. ज्वलनशील वायू भरलेली भट्टी थंड होत सुमारे ७५० अंशांच्या खाली आली आणि आत हवा शिरली, तर स्फोट होऊ शकतो. म्हणून वीज गेली की लगेच नायट्रोजन सोडून आतला वायू बाहेर काढायचा. पावसाळ्यात एका रात्री आमच्या भागातली वीज गेली. पॅनेलवरचे सगळे आकडे विझले, पंखे थांबले, भट्टीच्या दारातून फक्त लालसर उजेड येत होता. फोरमन काकांनी नायट्रोजनचा वॉल्व्ह उघडला आणि मी बॅटरीचा झोत नळीवर धरला. फ्लोट तळातून सुटला, दोनदा खालीवर झाला, आणि आपल्या रेघेवर येऊन थांबला.