क्रीट बेटावर निवांत आठ-दहा दिवस: शेंगेन व्हिसाचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

ग्रीसच्या क्रीट बेटावर जायचं, हानियाच्या जुन्या बंदरापाशी सकाळी उशिरा कॉफी प्यायची, एखाद्या दिवशी क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष बघायचे आणि बाकी वेळ समुद्रात डुंबायचं, असा बेत असेल तर त्याचा पहिला फायदा अर्ज भरतानाच होतो. एक देश, एक बेट आणि मुक्कामाच्या दोन जागा, अशी फाइल तपासणाऱ्याला लगेच समजते. बारा दिवसांत सात देश उरकणाऱ्यांना प्रत्येक रात्रीचा हिशोब कागदावर जुळवावा लागतो आणि चूक बहुधा तिथेच सापडते.

अर्ज कोणाकडे करायचा?

भारतीय पासपोर्टवर ग्रीसला जायला अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे आपसात सीमा तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. त्यावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. दोन देशांत सारख्याच रात्री असतील, तर आधी जिथे प्रवेश करणार त्या देशाकडे. तुमचं विमान रोमवरून किंवा फ्रँकफर्टवरून जात असलं तरी सगळा मुक्काम क्रीटमध्ये असेल, तर अर्ज ग्रीसकडेच. ग्रीसची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून दुसऱ्याच देशाची हॉटेलं कागदावर दाखवायची आणि व्हिसा हाती आल्यावर ती रद्द करायची, असा सल्ला देणारे एजंट आहेत. त्यांच्या नादी लागू नका. सीमेवर मुक्कामाचे कागद मागितले, तर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

मायोर्कासाठी स्पेन, सिसिलीसाठी इटली, कॉर्सिकासाठी फ्रान्स आणि माल्टासाठी माल्टा, असा हाच नियम इतर बेटांनाही लागू होतो. सायप्रसचं मात्र वेगळं आहे. तो देश 2004 पासून युरोपीय संघात असला तरी 2025 अखेरपर्यंत शेंगेन क्षेत्रात आलेला नव्हता. तिकडे जायचं असेल, तर त्यांचे व्हिसाचे नियम स्वतंत्रपणे बघावेत.

वेळेचं गणित

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण जादा चौकशी निघाली तर 45 दिवसही लागू शकतात. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज टाकलेला बरा, कारण मार्च-एप्रिलमध्ये व्हिसा केंद्रावर सगळ्यांचीच झुंबड असते. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल, तर आधी तारीख बघा. दिवाळी नोव्हेंबरात आली, तर क्रीटच्या किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं ऑक्टोबर संपता संपता बंद झालेली असतात. हवेच्या दृष्टीने मे आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा मध्य हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊनही जास्त आणि गर्दीही.

कागदपत्रं

पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा, शेंगेन क्षेत्र सोडण्याच्या तारखेनंतर निदान 3 महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. 35 गुणिले 45 मिलिमीटर मापाचे अलीकडचे फोटो, भरून सही केलेला अर्ज, जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं बुकिंग लागतं. अथेन्सहून क्रीटला जायचं विमान किंवा अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्री सुटणारी बोट कार्यक्रमात जरूर दाखवा. नाहीतर अथेन्सला उतरलेला माणूस हेराक्लिओनच्या हॉटेलात कसा पोहोचला, हा प्रश्न उरतो. व्हिसा मिळेपर्यंत पैसे परत न मिळणारी तिकिटं काढू नयेत.

प्रवास विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरणारा हवा. पहाटे उतरणार असाल, तर विमा त्याच तारखेपासून सुरू होतो ना, हे तपासा.

आपल्याकडे घोळ होतो तो नावांचा. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा पतीचं नाव असतं, बँकेत फक्त आद्याक्षर असतं आणि पॅनवर तिसरंच काहीतरी. अर्जातलं नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहायचं. जन्माच्या वेळचं आडनाव विचारणारा रकाना अर्जात वेगळा आहे. लग्नानंतर नाव बदललं असेल, तर तिथे माहेरचं आडनाव लिहायचं आणि विवाह नोंदणी दाखला जोडायचा. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि खर्च पतीच्या खात्यातून होणार असेल, तरीही हा दाखला लागतोच.

पैशांचे कागद सर्वांत बारकाईने पाहिले जातात. बँकेचा शिक्का असलेलं गेल्या काही महिन्यांचं खाते विवरण, आयकर विवरणपत्रं, आणि नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपा व कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र. नुसती शिल्लक मोठी असून भागत नाही, ती कुठून आली हेही विवरणात दिसावं लागतं. अर्जाच्या आठवड्यात मेव्हण्याने खात्यात टाकलेले तीन लाख मदत करण्याऐवजी संशय वाढवतात. मुदत ठेव मोडली असेल, तर त्याची पावती जोडा आणि सोबतच्या पत्रात एक ओळ लिहा. व्यावसायिकांनी जीएसटी किंवा उद्यम नोंदणी, दुकान असेल तर गुमास्ता परवाना द्यावा. निवृत्तांना पेन्शनचा आदेश पुरतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक शेतकरी विवरणपत्र भरतच नाहीत. त्यांनी 7/12 आणि 8-अचे उतारे, साखर कारखान्याच्या बिलाच्या पावत्या, बाजार समितीतल्या हिशोबपट्ट्या आणि हे पैसे जमा झालेलं खातं, असं एकमेकांशी जुळणारं दाखवावं. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा.

आयटीआर, नोकरी, जमीन, घरची माणसं या सगळ्यांतून एकच गोष्ट पटवायची असते, ती म्हणजे तुम्ही परत येणार आहात.

मुलांसाठी जन्मदाखला लागतो. आई-वडिलांपैकी एकच जण सोबत जाणार असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र.

सोबतच्या पत्रात आणि कार्यक्रमात खरं तेच लिहा. ‘चार ते सात तारीख, हानिया, समुद्रकिनारा आणि विश्रांती’ असं लिहिलेलं चालतं. कार्यक्रम भरगच्च दिसावा म्हणून सत्तरीच्या आईच्या नावापुढे 16 किलोमीटर चालायची सामारिया घळ लिहायची काही गरज नाही.

केंद्रावर आणि त्यानंतर

व्हिसा शुल्क जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो आहे, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना काही नाही. केंद्राचं सेवा शुल्क वेगळं. नकार आला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. केंद्रावर बोटांचे ठसे द्यावे लागतात; एकदा दिलेले ठसे 59 महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात. 12 वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

पासपोर्ट परत आला की केंद्रातच उभं राहून व्हिसा वाचा. नाव, वैधतेच्या तारखा, राहण्याचे दिवस आणि किती वेळा प्रवेश करता येईल, हे सगळं त्यावर असतं. वैधता 25 दिवसांची आणि राहण्याचे दिवस 10 असतील, तर राहायचं 10च दिवस. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असताना ग्रीसच्या कोस बेटावरून बोद्रुमला किंवा ऱ्होड्स बेटावरून मार्मारिसला बोटीने दिवसभर जाऊन यायचा मोह टाळा. बोद्रुम आणि मार्मारिस तुर्कस्तानात आहेत. एकदा शेंगेनबाहेर पडलात की तो व्हिसा संपला, शिवाय तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा लागतो. एप्रिल 2024 पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एक सोय झाली आहे. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो. त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरत असेल तर, पाच वर्षांचा.

नकार आला, तर ठरावीक नमुन्यातल्या कागदावर कारण दिलेलं असतं. अपील करता येतं आणि त्याची मुदत व पद्धत त्याच कागदासोबत कळवतात. एखादा कागदच राहिला असेल, तर तो जोडून नवा अर्ज करणं बहुधा लवकर होतं. अधिकाऱ्याने पुरावा नीट पाहिलाच नाही असं वाटत असेल, तर अपील.

क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब आहे आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या गावांना बस कमी, म्हणून अनेक जण गाडी भाड्याने घेतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओकडून काढावा. नमुना 4-अ, शुल्क 1000 रुपये, मुदत एक वर्ष. त्यासाठी व्हिसा दाखवण्याची अट 2021 मध्ये काढली आहे, तरी कोणते कागद लागतात ते आपल्या आरटीओकडे आधी विचारा. मूळ भारतीय परवानाही सोबत न्यायचा.

ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमांवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे, त्यात चेहऱ्याचा फोटो घेतात आणि व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे पडताळून पाहू शकतात. ही नोंदणी शेंगेन क्षेत्रात जिथे पहिल्यांदा उतरता तिथे होते, म्हणून रोमला विमान बदलणार असाल, तर दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ ठेवा. विमा, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत असू द्या.