घरच्या प्रयोगशाळेतील मल्टिमीटर : तुलना, कॅलिब्रेशन आणि डेटा लॉगिंग
(वडोदरा येथील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मल्टिमीटर तपासणीसाठी आणताना बरेच ग्राहक "मीटर जरा जास्त दाखवतो, तेवढा जुळवून द्या" असे सांगतात. आमची विनंती अशी आहे की जुळवणीचा विचार करण्यापूर्वी मीटरची एखाद्या स्थिर संदर्भाशी (ठरावीक, न बदलणारे व्होल्टेज देणाऱ्या साधनाशी) तुलना करून निदान काही आठवड्यांची नोंद ठेवावी, कारण एकदा आतला प्रीसेट (जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवला किंवा मेमरीतील स्थिरांक बदलला की त्या मीटरचा आधीचा इतिहास कायमचा पुसला जातो. ज्या मीटरचा फरक माहीत आहे आणि तो बदलत नाही, तो मीटर कालच जुळवलेल्या पण नोंद नसलेल्या मीटरपेक्षा अधिक भरवशाचा असतो, असे आमचे ठाम मत आहे.

दिसणारा फरक खरोखर दोष आहे का, हे प्रथम माहितीपुस्तिकेतून ठरवावे. समजा, ६००० काउंटच्या (पडद्यावर सुमारे ६००० पर्यंत आकडे दाखवणाऱ्या) मीटरची डीसी अचूकता ±(०.५% + २ अंक) अशी दिली आहे; येथे अंक म्हणजे पडद्यावरील शेवटच्या स्थानाचे एकक. ६ व्होल्टच्या रेंजवर ५.००० व्होल्ट मोजताना ०.५ टक्क्याचे ०.०२५ आणि दोन अंकांचे ०.००२, असा एकूण ०.०२७ व्होल्टचा फरक निर्मात्यानेच गृहीत धरलेला असतो, म्हणून ५.०२० हे वाचन आले तर मीटर बिघडलेला नाही.

ही हमी मात्र साधारणपणे २३ ± ५ अंश सेल्सिअस एवढ्याच तापमानासाठी असते, आणि वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात नेमकी हीच अट मोडते. अनेक मीटरांच्या पुस्तिकेत या मर्यादेबाहेरील प्रत्येक अंशाला मूळ अचूकतेच्या ०.१ पट जादा फरक धरावा असे लिहिलेले असते. मे महिन्यात दांडिया बाजारातील एखाद्या माळ्यावरच्या खोलीत ४० अंश तापमान असेल, तर २८ च्या वरच्या १२ अंशांमुळे १.२ पट भर पडून ०.०२७ ची मर्यादा ०.०५९ व्होल्टपर्यंत जाते. त्यामुळे तुलना शक्यतो पहाटे किंवा वातानुकूलित खोलीत करावी, मीटर व संदर्भ दोन्ही अर्धा तास चालू ठेवून मगच वाचन घ्यावे आणि प्रत्येक वाचनाशेजारी खोलीचे तापमान लिहावे. तापमानाविना केलेली नोंद पुढे फारशी उपयोगी पडत नाही.

संदर्भ म्हणून एडी५८४ चिपवर आधारित २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट देणारी पेटी साध्या हँडहेल्ड मीटरसाठी पुरेशी आहे. संदर्भाची अनिश्चितता मीटरच्या मर्यादेच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावी, हा प्रचलित नियम पाळावा. साडेसहा अंकी बेंच मीटरला (टेबलावर ठेवून वापरायच्या अधिक अचूक मीटरला) मात्र ही पेटी अपुरी पडते. तेथे आतच हीटर असलेल्या एलएम३९९ जातीच्या झेनरचा (स्थिर व्होल्टेज देणाऱ्या डायोडचा) संदर्भ लागतो. लहान रोध तपासताना लीडचा (मीटरच्या जोडतारांचा) रोध वाचनात मिसळू नये म्हणून चार तारांची पद्धत वापरावी, म्हणजे प्रवाहासाठी दोन आणि व्होल्टेज मोजण्यासाठी वेगळ्या दोन तारा.

डेटा लॉगिंगसाठी (वाचनांची संगणकावर सलग नोंद करण्यासाठी) रेंज हाताने पक्की करावी, ऑटो पॉवर ऑफ बंद करावे आणि नवी बॅटरी घालावी, कारण बॅटरी उतरली की काही मीटर चुकीचे वाचन दाखवतात आणि लॉगमध्ये तो संदर्भाचाच बदल वाटतो. वेळ, वाचन, रेंज आणि तापमान असे चार स्तंभ सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाइलमध्ये) असावेत. संदर्भाच्या सावकाश होणाऱ्या बदलासाठी दर मिनिटाला एक वाचन पुष्कळ झाले. परदेशातून आलेला जुना बेंच मीटर घेतला असेल तर त्याची लाइन फ्रीक्वेन्सीची (वीजपुरवठ्याच्या वारंवारतेची) सेटिंग आवर्जून पाहावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने २० मिलिसेकंदांच्या पूर्ण आवर्तनावर सरासरी घेतली की घरगुती वीजप्रवाहाचा हस्तक्षेप नाहीसा होतो. मीटर ६० हर्ट्झवर राहिला तर हा हस्तक्षेप उरतो आणि शेवटचे अंक विनाकारण नाचत राहतात.

संगणकाला जोडताना प्रकाशीय विलगता असलेली (मीटर व संगणक यांत विजेची जोडणी न ठेवता प्रकाशाने माहिती पाठवणारी) केबलच वापरावी. अशी विलगता नसलेला मीटर घरच्या २३० व्होल्टच्या मांडणीवर आणि त्याच वेळी संगणकावर कधीही लावू नये. यात जिवाला धोका आहे. उच्च व्होल्टेजच्या रेंजची तुलना घरी करू नये, असेही आम्ही सर्वांना सांगतो.

कारखान्याच्या ऑडिटसाठी किंवा निविदेसाठी प्रमाणपत्र हवे असल्यास घरची नोंद चालत नाही. त्यासाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडेच जावे लागते; मकरपुऱ्यात १९७४ पासून असलेली एर्डा (इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन) ही त्यांपैकी जवळची होय. तेथे मीटर देताना जुळवणीपूर्वीची आणि जुळवणीनंतरची, अशी दोन्ही वाचने प्रमाणपत्रात मागून घ्यावीत.

आमच्याकडे मीटर आणताना त्याचे नेहमीचे लीड, माहितीपुस्तिका आणि असल्यास आपली सीएसव्ही फाइल सोबत आणावी. लीड बदलले की कमी ओहमच्या रेंजवरील वाचन बदलते, म्हणून रोज वापरात असलेलेच लीड द्यावेत.