निरीक्षण विहिरींची नकाशावर तपासणी : पार्श्वभूमी

भूजलाची पातळी नियमित मोजण्यासाठी निवडलेली विहीर म्हणजे निरीक्षण विहीर. जुन्या नोंदवह्यांत अशा विहिरीचा पत्ता ‘शाळेच्या मागे, पुलाच्या अलीकडे’ असा असायचा. पुढे टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या तपशीलवार नकाशावर, पट्टी ठेवून अक्षांश-रेखांश काढले गेले. १:५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. काही नोंदी तर मिनिटावरच थांबत, आणि अक्षांशाचं एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटर भरतं. पाणी मोजणाऱ्याला वाट पाठ असायची, म्हणून कुणाचं अडलं नाही.

अडलं ते नोंदी संगणकावर चढल्यावर. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५०, कुणीतरी सरळ १८.३० टाइप केलं की विहीर २२ किलोमीटर दक्षिणेला जाते. नकाशा उघडताच अशा विहिरी नदीपात्रात, शेजारच्या जिल्ह्यात, कधी थेट समुद्रात दिसू लागल्या. मे २००० मध्ये जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली चूक बंद झाली आणि साध्या हातयंत्रावरही जागा दहा-वीस मीटरच्या आत मिळू लागली. नंतर उपग्रहचित्रं सहज मिळू लागली आणि विहिरीचा कठडा खुर्चीत बसून शोधता आला.

वाद मात्र वेगळ्याच गोष्टीवर राहिला. जुनी खोदलेली विहीर आटली की शेजारी विंधन विहीर घ्यायची आणि तिला जुनाच क्रमांक द्यायचा, असं ठिकठिकाणी झालं. कारण समजण्यासारखं होतं: कित्येक वर्षांची नोंदमालिका तुटू नये. पण उथळ विहीर वरच्या झिजलेल्या थरातलं पाणी दाखवते, विंधन विहीर खालच्या भेगांमधलं. दोन्ही दहा मीटरच्या अंतरात असल्या तर नकाशाच्या तपासणीत ‘जागा बरोबर’ असाच शेरा पडतो. आलेखात मात्र पातळी एका हंगामात कित्येक मीटर कोसळते आणि तो उपशाचा परिणाम म्हणून अहवालात जातो. क्रमांक राखणाऱ्यांनी मालिका वाचवली म्हणतात. माझ्या मते दोन अर्धवट मालिका एकीला जोडल्या, एवढंच झालं.

उंचीचा घोळ याला जोडूनच येतो, कारण जागेच्या उंचीतून पाण्याची खोली वजा करूनच पातळी काढतात. जीपीएसची मूळ उंची समुद्रसपाटीपासून नसते, पृथ्वीच्या गणिती आकारापासून असते. जागेनुसार फरक शंभर मीटरपर्यंत जातो. शिवाय पाण्याची खोली जमिनीपासून मोजली की कठड्यापासून, हे जुन्या वह्यांत सगळीकडे लिहिलेलं नाही. कठडा नव्याने बांधून अर्धा मीटर वाढवला, तर पाणी तेवढंच ‘खाली’ जातं.

अलीकडे तपासणी एकेका विहिरीच्या बिंदूवरून समपातळी रेषांकडे, म्हणजे सारखी भूजल पातळी असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषांकडे, सरकली आहे. सॉफ्टवेअरने रेषा काढल्या आणि एकाच विहिरीभोवती वर्तुळात वर्तुळं उमटली, म्हणजे तिची पातळी शेजारच्या विहिरींशी जुळली नाही, की आधी तिची उंची, मग खोली आणि थर पाहतात. नव्या विहिरीला नवा क्रमांक आणि जुनीला बंद झाल्याची तारीख, ही पद्धतही रुळते आहे. आधीच जोडलेल्या मालिका मात्र बहुतेक तशाच वापरात आहेत.