बेटाला टँकर नसतो

पुण्यात मे महिन्यात सोसायटीची बोअर आटली की टँकरवाल्याला फोन जातो. पाणी महाग पडतं, पण येतं; दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीतून, दुसऱ्या गावाच्या वाट्यातून. शहराच्या हाताशी अशी दुसरी जागा कायम असते. लक्षद्वीपच्या बेटाला ती नसते, आणि बेटावरच्या कुठल्याही बांधकामाचा हिशेब इथूनच सुरू व्हायला हवा.

लक्षद्वीपच्या ३६ बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. नदी एकही नाही. पाऊस प्रवाळाच्या वाळूत मुरतो आणि ते गोडं पाणी, हलकं असल्यामुळे, खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. दोहोंच्या घनतेत जेमतेम अडीच टक्क्यांचा फरक. त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, त्याच्या साधारण ४० पट खोल हा थर जातो. हे गणित उलटंही लागू पडतं: पंप लावून पातळी १० सेंटिमीटरनं उतरवली, तर कालांतरानं खालचं खारं पाणी ४ मीटरनं वर चढू शकतं. बादलीनं शेंदून एवढी ओढ बसत नाही, पंपानं बसते. विहीर एकदा मचूळ झाली की ती पुन्हा गोड व्हायला बराच काळ जातो. शौचालयाच्या टाक्यांतून झिरपणारं पाणीही याच थरात उतरतं.

म्हणून रिसॉर्टला किती खोल्या असाव्यात, हे किनारा किती लांब आहे त्यावरून ठरवू नये. ऐन उन्हाळ्यात विहिरीत गोडं पाणी किती उरतं, त्यावरून ठरवावं. लक्षद्वीपच्याच कवरत्ती बेटावर २००५ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं दिवसाला १ लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभारला. पृष्ठभागाचं कोमट पाणी कमी दाबाखाली आणून त्याची वाफ करायची, आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या गार पाण्यानं ती वाफ थंड करायची. विहिरींवरचा भार हलका करणारा असा उपाय आधी, खोल्या नंतर, हा क्रम मला योग्य वाटतो.

दुसरा प्रश्न पर्यावरणाच्या मोजणीच्या काळाचा. अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटावरच्या बंदर-विमानतळ प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंच नोंदवलं, की तीन हंगामांऐवजी एकाच हंगामाची माहिती गोळा केली आहे. बंदराची जागा गॅलेथिया उपसागरात आहे. तिथल्या वाळूत लेदरबॅक ही जगातली सर्वांत मोठी समुद्री कासवं अंडी घालतात, तीही मुख्यतः थंडीच्या महिन्यांत. पावसाळ्यात तोच किनारा रिकामा दिसतो. मेगापोड हा पक्षी किनाऱ्यालगतच्या जंगलात वाळू आणि पालापाचोळ्याचा ढीग रचतो. कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर त्याची अंडी उबतात. शिवाय २००४ च्या भूकंपात या बेटाचं दक्षिण टोक सुमारे ४ मीटर खचलं. जिथं जमिनीची उंचीच एका दिवसात बदलते, तिथं एका हंगामाच्या नोंदींवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार, आणि भरपाईची झाडं हरियाणात लावायची असं ठरलं. तिथं झाडं वाढतीलही, पण मेगापोडला घर मिळणार नाही. नुकसान टाळणं, ते जमत नसेल तर कमी करणं, मग बिघडलेलं सुधारणं आणि सगळ्यांत शेवटी भरपाई, असा पर्यावरणाच्या नियोजनातला क्रम आहे. बेटावर त्यातली शेवटची पायरी जवळपास नसतेच.

जहाजांच्या मालावरही नजर हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालातून प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर एक तपकिरी झाडसाप पोचला आणि त्यानं तिथले बहुतेक स्थानिक वनपक्षी संपवले.

बेटांसाठी पुण्यातूनही काम झालेलं आहे. इथं कार्यालय असलेली कल्पवृक्ष ही अंदमानच्या जंगलांसाठी न्यायालयात गेलेल्या संस्थांपैकी एक. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या वृक्षतोडीवर कडक बंधनं घातली आणि वाळूउपसा टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं.

२००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक कागद असतो. बेटावरच्या प्रकल्पाचा अहवाल हाती आला तर आधी दोन गोष्टी पाहाव्यात: विहिरींची क्षारता कोणत्या महिन्यात मोजली, आणि किनाऱ्यावरची घरटी कोणत्या.